धामापूरची पळी

गाडी आधी डोळ्यांच्या फिरत्या दवाखान्याची.
लिलावात घेतली, इचलकरंजीत आतून फळ्या ठोकल्या,
दोन बाकं, एक शेगडी, सीटखाली पाण्याची टाकी.
पण मागच्या दारावरचा अक्षरांचा तक्ता
हेरंबने काढू दिला नाही.
वर मोठा ग, मग म आणि ल,
मग उतरत उतरत
मुंगीएवढी शेवटची ओळ.

फोंडा घाटात भांडी बडबडत होती.
कुडाळ, नेरूरपारचा पूल, काळसे,
आणि एका वळणावर एकदम
झाडांच्या मधोमध पाणी,
कुणी झाकण घालायला विसरल्यासारखं.

सगुण धुरी टॉर्च घेऊन आले.
गाडीभोवती एक फेरी मारली,
टायर पायाने ठोकून पाहिला,
आत डोकावले: उशा, कुकर,
दोरीवरचा ओला टॉवेल.
"घर घेवन इलास. मगे सोडलास काय?"
आम्ही हसलो.
उत्तर कुणालाच सुचलं नव्हतं म्हणून.

नियम दोनच. तळ्यात साबण नको,
देवळाच्या बाजूला मोठी गाणी नकोत.
पंपाच्या खोलीतून वायर ओढून एक दिवा दिला,
कळशीभर पाणी दिलं,
आणि आमची पळी घरी ओट्यावरच राहिली हे कळल्यावर
स्वतःच्या चुलीवरची आणून दिली,
लोखंडी, दांड्याला जरा वाकडी.

शेजारी पुण्याची मोठी गाडी होती, पांढरीशुभ्र,
आत शिडी, बाहेर छत.
त्यांच्या मुलाने ऊर्वीला शॉवर दाखवला,
तिने त्याला तक्ता.
बरोबरी झाली.

रात्री भात आणि कुळथाची पिठी.
काजू मोहरले होते, तो वास पिठीत उतरलाय
असं हेरंब म्हणाला. उतरला नव्हता.
मी हो म्हटलं.
सगुण दगडावर बसून सांगत होते:
हे तळं पूर्वी दागिने द्यायचं.
लग्न ठरलं की फुलांची परडी पाण्यात सोडायची,
सकाळी परडीत नथ, पाटल्या, सरी.
कार्य झालं की सगळं परत.
"एकान ठेवन घेतल्यान. तेच्यापासून तळा गप."
काय ठेवून घेतलं, ऊर्वीने विचारलं.
"तां कोणाक म्हायत? ठेवल्यान."

सगळे झोपल्यावर मी मागचं दार उघडून बसले.
पलीकडच्या काठावर तीन दिवे,
पाण्यात तेच तीन, थोडे लहान,
त्याखाली चांदण्या, त्याहून लहान,
त्याखाली काहीतरी होतं.
एक डोळा हाताने झाकला. मग दुसरा.
नाही वाचता आलं.
आत हेरंब घोरत होता, घरी घोरतो तसाच,
दोन घोरण्यांमध्ये तीच एक लांब सुट्टी,
जिच्यात मी रोज श्वास धरते.
म्हणजे सोडलं नव्हतंच काही.
फक्त भिंती मागे राहिल्या होत्या.

सकाळी निघालो.
नेरूरपारच्या पुलावर ऊर्वी किंचाळली.
चमच्यांच्या खणात पळी.
कुरियर करू, हेरंब म्हणाला,
लोखंडाची तर आहे, असंही म्हणाला,
आणि आरशात तिचा चेहरा पाहून गप्प झाला.

पुलावर गाडी वळत नाही.
पलीकडे जाऊन, माडांच्या मधे,
चार वेळा मागे, चार वेळा पुढे.
पाटी डोक्यावर घेतलेली एक मासेवाली
भर रस्त्यात उभी राहून हात हलवत होती:
येवं दे, येवं दे, आणखी येवं दे,
रव!

सगुण नव्हते. कुडाळच्या बाजाराला गेले होते.
पंपाच्या खोलीच्या खिडकीत पळी ठेवली,
ऊर्वीने जाऊन एकदा पाण्याकडे पाहून घेतलं.
पाणी पाण्यासारखंच.
तेवढ्यात पांढऱ्या गाडीतून तो मुलगा धावत आला,
मागे दूध करपल्याचा वास,
"काकू, तुमच्याकडे पळी आहे?"

माझ्याआधी ऊर्वीनेच खिडकीकडे बोट केलं.
"आहे.
पण ती त्यांची आहे."