चार हजार की सहा

मोइदूच्या दुकानात, मुहर्रकला,
काचेवर तीन रीली मांडून तासभर बसलोय.
"चार हजार घे," तो म्हणतो, "सहा हजार मनगटाला जड पडेल."
हा आकडा मापाचा. पैसे दिनारात,
आणि त्या विषयावर आम्ही अजून आलेलो नाही.

सकाळी घरी सांगितलं, रील घ्यायचीय,
तर मुलगी फोनवर लोटपोट:
बाबा, रील घेत नसतात, बघतात.

कयाक रोमेलची. पिवळी, बुडाला भेग, एम-सीलने बुजवलेली.
सेबूला कायमचा निघताना अठ्ठावीस दिनारांत देऊन गेला,
वल्हं फुकट, आणि वर एक सल्ला:
पाण्यापासून वीतभर उंच बसणार आहेस.
जे नेशील ते भिजेल.

हे मला कुणी शिकवायला नको.
हिद्दच्या प्लांटवर एकोणीस वर्षं
मी समुद्रातून मीठ काढतोय.
मीठ घाई करत नाही.
दाराशी बसून राहतं वसुलीवाल्यासारखं,
कुणीतरी एक वायसर ढिला ठेवील म्हणून.
तीनशे सोळा नंबरच्या स्टीललाही
मी तांबडं रडताना पाहिलंय.

म्हणून बेअरिंग किती, ते विचारत नाही.
म्हणतो, झाकण उघड, सील दाखव.

पहिली सोनेरी, अंगभर नक्षी,
आत ग्रीस नावापुरतं.
दुसरी आडव्या ड्रमची, ताकद बैलाची,
पण दोरा गुंतला तर सोडवायला दोन्ही हात लागणार,
मग वल्हं काय मोइदू धरणार?
तिसरी करडी, मुनिमासारखी.
ड्रॅगभोवती रबरी कडं, एक नाही, दोन.
कानाशी धरून फिरवली.
चांगला पंप असाच गप्प असतो.

आबांकडे रील नव्हती.
तळाशीलच्या वाळूवर ते गरवायचे,
रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस
आणि ड्रॅग म्हणून उजव्या हाताची तर्जनी.
त्या बोटावर आडवी खाच पडली होती,
तपकीर ओढली की थोडी तिथेच अडकायची.
मासा पळू लागला की ते बोट ठरवायचं
किती द्यायचं.
"जांव दे," स्वतःशीच म्हणायचे, "जातलो खंय."
आणि कधी कधी तो जायचाच.
मग बाटली गुंडाळायची, विडी शोधायची,
घरी आईला सांगायचं, पाणी गढूळ होतं.

मोइदू दोऱ्याचं टोक माझ्या हातात देतो: ओढ.
ओढतो. हलत नाही.
तो चकती अर्धा घर सैल करतो,
आणि करड्या पोटातून
कर्रर्र,
दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघतात.

"एवढीच ठेव," मोइदू म्हणतो. "कयाकवर चनाद लागला
तर मासा तुझ्याकडे येत नाही, तू त्याच्यामागे जातोस.
पार सौदीपर्यंत नेईल. पासपोर्ट ठेव खिशात."
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो.
दोघंही हसलो, तो जरा जास्त वेळ.

चोवीस सांगितले, एकवीसला दिली,
वर गळांची पुडी. चार हजार.
सहा हजाराकडे निघताना एकदा पाहिलं,
नाही असं नाही.

शुक्रवारी उजाडायच्या आत गेलो.
मागे प्लांटच्या चिमणीचा लाल दिवा,
पुढे पाणी, तेलासारखं सपाट.
चनाद आला नाही.
एक शआरी मिळाली, तळहाताएवढी,
तीही चकती न फिरवता आली, निमूट.

खोलीवर न्हाणीत बादलीपाशी बसून रील धुतो.
नळ बारीक सोडायचा,
जोरात सोडला तर मीठ आत ढकललं जातं.
हे पाणी परवापर्यंत समुद्रच होतं,
आमच्याच पाइपातून आलेलं, बहुधा माझ्याच पाळीत.
समुद्र समुद्रानेच धुतोय मी,
आणि वर बिल भरतोय.

बाहेरून शंकरन विचारतो, मासा?
सांगतो, पाणी गढूळ होतं.

मग रील फडक्याने पुसून
ड्रॅग पूर्ण सैल करतो.
रात्रभर आवळून ठेवला तर
आतल्या चकत्या दबतात, पुन्हा उठत नाहीत.