दुपारचा दोष

अडावद सोडलं की केळीबागांची सावली संपते
आणि धानोऱ्याच्या अलीकडे, बरोबर पावणेदोनला,
माझी गाडी मरते.
आचके नाहीत, धूर नाही, खोकला नाही.
बोलता बोलता एखाद्याने गप्प व्हावं, तशी.

मागच्या सीटवर थंड डबा, त्यात एकोणीस नळ्या,
सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून गोळा केलेलं रक्त.
चारच्या आत जळगावला पोचायला हवं ते.
बाहेर सेहेचाळीस.
बॉनेट उघडून उभं राहिलं
की या रस्त्यावर कोणीतरी थांबतंच.

पहिले थांबले पुंजू आप्पा.
त्यांचीही हीच गाडी, रंग तेवढा निराळा.
"काय व्हयनं, ताई? दुपारलेच बंद पडस ना?"
उत्तराआधी हात इंजिनाच्या बगलेत.
"हाई देख, आंगठाएवढा सेन्सर. तपना का झोपी जास."
बाटलीतलं पाणी ओतलं, ते वाफ होऊन गेलं.
मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे.
तीन आइसपॅक होते. एक काढला.
रक्ताच्या वाट्याची थंडी लोखंडाला दिली
आणि चौथ्या मिनिटाला गाडी बोलली.

पुढे आम्ही एकमेकांना सापडत गेलो.
चोपड्याचे मगन गुजर: ओलं गोणपाट, दुसरा इलाज नाही.
इब्राहिम तडवी: रिले बदला, बाराशे जातात, फरक शून्य,
पण बदला, जिवाला बरं वाटतं.
किनगावच्या सोनवणे बाई: टाकी अर्ध्याखाली नेऊ नका,
कारण विचारू नका.
आणि शोरूमचं नाव निघालं की सगळे एकदम गप्प.
मग सगळे एकदम.

तिथे काचेचं दार, कागदी कप, गुळमट कॉफी.
तो पोरगा वाईट नव्हता.
लॅपटॉपची वायर खोचायचा, वाट बघायचा,
"एरर दिसत नाही, मॅडम."
कशी दिसेल? त्यांच्या पत्र्याखाली तासभर उभी राहून
पाहुण्यांपुढच्या पोरासारखी शहाणी झालेली असायची गाडी.
जॉबकार्डावर तो लिहायचा, ग्राहकाचे समाधान झाले.
मी सही करायचे.
सहा वेळा केली.

तेव्हा आप्पा म्हणाले, आता दुपारच घेऊन जाऊ त्यांच्याकडे.

मेच्या तेवीस तारखेला पाच गाड्या निघाल्या,
दुसऱ्या गिअरवर रखडत, एसी पूर्ण.
तापीच्या पुलापाशी थांबलो, इंजिनं चालू ठेवून.
काहीतरी बिघडावं म्हणून
पाच माणसं घाम पुसत उभी.
शोरूमच्या फाटकात मगनभाऊंची पडली.
मग बाईंची. मग तडवींची, अर्धी आत, अर्धी रस्त्यावर.
आप्पांची पडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या,
समोरचा रसवंतीवाला घुंगरं थांबवून बघू लागला.
पोरगा वायर घेऊन उन्हात आला, पहिल्यांदाच.
लॅपटॉप बॉनेटवर ठेवायला गेला, चटका बसला,
मग छातीशी धरला, आणि पडद्यावर उमटला कोड.
त्याने मोठ्याने वाचला.
आप्पांनी पुन्हा वाचायला लावला.

माझी मात्र चालूच.
बेइमान, गुळगुळीत, शिलाई मशीनसारखी.
मला लाज वाटली.
"हिला काही नाही, मॅडम."
चौघांचे सेन्सर मागवले. पुण्याहून. पंधरा दिवस.

परतताना मी सगळ्यात मागे.
विदगाव गेलं, धानोरा यायचं होतं.
साडेपाच वाजलेले, डबा रिकामा, बर्फ नाही,
आणि बाई गप्प झाल्या.
मी हॉर्न वाजवला नाही.
तरी पुढचे लाल दिवे पेटले, एक, दोन,
थोड्या वेळाने चारही,
आणि मग ते मागे येऊ लागले,
रिव्हर्समध्ये, वाकडेतिकडे,
चार खिडक्यांतून चार वेगवेगळे उपाय ओरडत.