वार्षिक भाडं एक डॉलर

दर जुलैत एक लिफाफा येतो.
आत चेक: एक डॉलर, शून्य सेंट.
एकतीस वर्षं मी त्याची नोंद करते आहे,
डीनच्या ऑफिसात, खिडकीकडे पाठ करून,
कारण खिडकीतून ते घर दिसतं.

करार एकोणीसशे चौतीसचा.
जमीन विद्यापीठाची, भिंती फ्रॅटर्निटीच्या,
नव्व्याण्णव वर्षं.
तेव्हाच्या अध्यक्षांना वाटलं असणार,
पोरं कुठंतरी राहायला हवीतच, आपला खर्च वाचतो.
पोरांना वाटलं, आपलं राज्य.
तेव्हापासून तुझं-माझं जमेना
आणि तुझ्यावाचून करमेना.

दोन्ही पत्रं मीच टाईप करते.
सकाळी ताकीद:
"आपल्या वर्तनाबद्दल संस्थेस तीव्र चिंता वाटते."
दुपारी आभार:
त्याच घरात राहून गेलेल्या एका म्हाताऱ्याचे,
ज्यानं आम्हाला पोहण्याचा तलाव दिला.
लेटरहेड एकच, सही एकच.
एकदा घाईत पाकिटांची अदलाबदल झाली,
कुणीच तक्रार केली नाही.

समोरच्या सोरॉरिटीत दारूचा थेंब चालत नाही.
नियमच आहे, जिन्यापाशी फ्रेम करून लावलेला.
म्हणून पार्टी नेहमी रस्त्यापलीकडे,
आणि मिनेसोटाच्या फेब्रुवारीत
मुली कोटांशिवाय रस्ता ओलांडतात
चार-चार, हात धरून,
एकजण मोजायला मागे.
त्या वर्षी कोरीन व्हॅनडरझी मोजायची.
त्या रात्रीही तिनं मोजलं:
गेल्या अकरा, आल्या अकरा.
मुलगे मोजायचं काम कुणाकडेच नव्हतं.

एमेट लिंडक्विस्ट, वय अठरा, पहिलं वर्ष,
तळघराच्या जिन्यावरून पडला.
"पडला" असं मी टाईप केलं.
आधी वेगळा शब्द होता, वकिलांनी खोडला.

मग बैठक. कोपऱ्यात मी, इतिवृत्त लिहीत.
त्यांचे वकील म्हणाले, घर आमचं, पण जमीन तुमची.
आमचे म्हणाले, जमीन आमची, पण पायऱ्या तुमच्या.
पायऱ्या तेरा.
तो शेवटच्या पायरीवर सापडला की जमिनीवर,
यात पाऊण तास गेला.
कुणीतरी डोनट आणले होते.
ते संपले.

त्याची आई फोनवर ओरडली नाही.
"त्याचा डावा बूट मिळाला नाही," म्हणाली.
"तपकिरी. दहा नंबर. नाताळात घेतले होते."
बुटासाठी आमच्याकडे फॉर्म नाही.
मी त्या घराला विचारलं,
त्यांनी राष्ट्रीय कार्यालयाकडे बोट दाखवलं,
राष्ट्रीय कार्यालयानं आमच्याकडे.
फिरून फिरून भोपळे चौकात.
मी तिचा नंबर अजून
टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

मार्चमध्ये मान्यता काढली.
डेल ओबरहोल्टझर शिडीवर चढला,
ब्राँझची तीन ग्रीक अक्षरं उतरवून
पोत्यात घालून घेऊन गेला.
त्यांच्याखाली विटा होत्या
नव्व्या, लालभडक, ऊन न बघितलेल्या.
ती अक्षरं आता
पूर्वीपेक्षा लांबून वाचता येतात.

पत्रात लिहिलं:
"विद्यापीठाचा या संघटनेशी कोणताही संबंध उरलेला नाही."
म्हणजे सोयर नाही, सुतकही नाही.
मग त्या पोराचं सुतक
पाळायचं कुणी?

आणि आज जुलै.
लिफाफा आला.
एक डॉलर, शून्य सेंट, तेच वळणदार अक्षर.
डीननं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
पावतीचा कागद लावला, "प्राप्त" लिहिलं,
पुढचं बोटांना सुचेना.

खुर्ची वळवली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.
सुट्टी आहे, घर रिकामं आहे,
गवत वाढलंय.
तळघराच्या छोट्या खिडकीत
कुणीतरी दिवा तसाच चालू ठेवलाय.
विजेचं बिल कुणाचं, हे मात्र
मला बघावं लागत नाही.
आमचं.