अंतिम वापर

भुसावळहून जळगाव, सातवी खेप.
वारके अण्णांची रायफल
शिसवी दस्ता लावून
महिनाभर खोक्यात पडलीय,
फिनलंडचं गिऱ्हाईक पत्रं पाठवून थकलंय.

रकाना अकरा : अंतिम वापर.
अण्णांनी लिहिलं होतं,
'कागदाला भोक पाडणे.'

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
'थट्टा करता का?'
'नाही हो. पन्नास मीटरवर कागद लावतात.
मधोमध भोक पडलं, की झालं.'

बाहेर सत्तेचाळीस अंश.
पंखा नुसताच फाईली चाळतोय.

साहेबांनी अर्ज सरळ केला,
पंचिंग मशीन ओढलं,
खटकन दाबून
हिरवी नाडी ओवली.
'आता दिल्लीला जाईल.'

जिन्यात अण्णा थांबले.
'पाहिलंस भो?
डावीकडे गेलं, दोन सूत.'