निळी साल

तळाशीलला मीठ दोन्ही बाजूंनी येतं,
समुद्राकडून उघड, खाडीकडून चोरपावलांनी.
तिथे कोचरेकरांच्या होडीच्या मांगरात
सहा वर्षं एक विमान अर्धवट पडून होतं,
दोन माणसांचं, पंख वेगळे, भिंतीला टेकवलेले,
अंगावर अजून दुकानातली निळी प्लास्टिकची साल.

"चरो पडा नये म्हणान ठेवलंय," ते सांगायचे.
रिव्हेटांच्या ओळीपुरती तेवढी काढलेली,
बोटभर रुंद पट्टी, सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने रेघ मारून.
बाकीची राहिली.
मग त्यांचा गुडघा, मग ते वादळ, मग पैसे.

मी कोळंबी सोलते. तीस वर्षं, किलोवर.
"सत्याबाय, नखां बरी तुझी," म्हणून मला बोलावलं.

कोळंबी सुटते. ही सुटेना.
नखभर निघते आणि तुटते, नखभर निघते आणि तुटते.
तापून तापून ती पत्र्याचीच कातडी झाली होती.
पार्लरवाल्या शर्वरीचं केस सुकवायचं मशीन आणलं,
गरम वाऱ्याने कोपरा मऊ पडायचा.
चार पट्ट्या निघाल्या, लाईट गेली.

सुरी मागितली तर अंगावर आले.
"सुरी नको! चरो पडलो काय थयसूनच चीर जाता,
वर गेल्यार."
मग बांबूची कामटी, दगडावर घासून बोथट केलेली.

साल गेली तरी खाली गोंद राहिला,
बोटाला बोट चिकटेल असा.
मुंबईहून मागवलेली बाटली त्यांनी उघडली,
वासानेच दोघांनी डोकं धरलं.
मी म्हटलं, फणसाचा चीक कशाने जातो?
आणि घरून खोबरेल आणलं.

दुपारभर एक पंख चोळला,
पोरीचं डोकं चोळावं तसा, गोल गोल.
गोंद गोळा होऊन यायचा, काळपट, शेवयांसारखा.
मागून कोचरेकर, घासलेट आणि फडकं घेऊन.

त्या रात्री फ्रीजकडे लक्ष गेलं.
लवूने दोह्याहून पैसे पाठवून घेतलेला.
हँडलवर साल तशीच, आठ वर्षं, कडेला काळी.
नवा दिसावा म्हणून.
हात लावला, आणि झोपले.

शेपटीकडच्या शेवटच्या पत्र्यावर
सालीची एक कड कधीची सुटलेली.
तिथून मीठ आत शिरलं ते आतच राहिलं.
वरून निळं, गुळगुळीत. ओढलं तर खाली
पांढरी पूड, वाळवीच्या वाटांसारख्या रेघा,
नखाला लागतील इतक्या खोल.
शेजारचा उघडा पट्टा नुसता मळला होता.

कोचरेकरांनी अंगठा फिरवला. परत फिरवला.
नौदलात बावीस वर्षं असलेच पत्रे नापास केलेला माणूस.
"हो उडाचो नाय."
खडू शोधायला त्यांना बराच वेळ लागला.
मग फुली मारली.

दुसरा पत्रा बेंगळुरूहून यायचाय.
फुलीचा मी मागून घेतला.
अंगणात खाटेवर बांगडे सुकतात,
तिथे कडेला तिरका टेकवते.
असा झगझगतो की कावळे माडावरूनच ओरडतात,
खाली उतरत नाहीत.

वारा सुटला की त्याची एक बाजू उचलते.
मी दगड लावते.