लाल खडू

उद्यमबागेत, पत्र्याच्या शेडात माझं काम एवढंच:
हातोडीनं टक् करायचं आणि ऐकायचं.
चांगलं कास्टिंग घंटेसारखं वाजतं, म्हणतात.
नाही वाजत.
स्टीलच्या तांब्याला अंगठी लागावी, तेवढंच.
तडा असला की आवाज बसतो,
सर्दी झालेल्या माणसासारखा.

सतरा वर्षं झाली. हलगेकरांचा परशराम
घरी भांडून आला की वाळू ठोकून ठोकून दगड करतो,
मग वाफेला वाट राहत नाही,
लोखंडाच्या पोटात फोड येतात.
किणयेचा भुजंग भितो.
लॅडल हातात असताना मुकादम नुसता खाकरला
तरी त्याची धार तुटते. पुन्हा ओततो.
दोन धारा साच्यात भेटतात,
एकमेकींना टेकून थंड होतात,
वरून बघाल तर केसाएवढी रेघ.

मुकादम बसलिंगाप्पा मोजतो कन्नडमध्ये,
शिव्या देतो मराठीत,
आणि पगार कापायच्या दिवशी
दोन्हीत गप्प.

इराप्पाचा माल मी न वाजवताच पास करायचो.
तो बोलत नाही, म्हणून.
न बोलणारी माणसं मला चोख वाटतात.
हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही.

मार्चमधली गोष्ट. थर्ड शिफ्टला निघताना
धाकट्याचा फोन आला,
यळ्ळूर रोडच्या अडीच गुंठ्यांवरून.
काय काय बोलला ते सांगत नाही.
त्या रात्री मी सगळंच वाजवलं, इराप्पाचंही,
आणि जे वाजवलं ते बसलेलंच ऐकू आलं.
एक्केचाळीस नगांवर लाल खडूच्या फुल्या.
चौदा भुजंगाचे.
त्यानं लांबूनच मोजल्या असाव्यात;
डबा न उघडता बाहेर जाऊन बसला,
बंद पडलेल्या ट्रॉलीवर.

पहाटे नळावर तोंड धुतलं,
येताना सहज एकाला हातोडी लावली.
वाजलं.
दुसऱ्याला. वाजलं.
तिसऱ्याला लावायचा धीर होईना.

मागं वळलो तर इराप्पा,
हातात ओलं बनियन, उकिडवा बसून
एकेक नग पान्यानं ठोकायचा, कान द्यायचा
आणि फुली पुसायचा,
लहान पोराचं नाक पुसावं तशी.
माझ्याकडं बघत नव्हता.
मी म्हटलं, इराप्पा, ऐक गा, काल जरा...
तो म्हणाला, "इर्ली बिडो."
असू दे, सोड.
सतरा वर्षांत त्याची एवढीच दोन वाक्यं
माझ्या वाट्याला आली,
त्यातलं हे दुसरं.

चाळीस पुसल्या.
एका नगाशी थांबला.
पाना लावला, पुन्हा लावला,
डोकं तिरकं करून ऐकलं,
आणि ती फुली तशीच ठेवून उठला.

तो गेल्यावर मी नग उलटा करून नंबर बघितला.
त्याचाच होता.