सत्तेचाळीसपर्यंत

उशी घ्यायची की स्टोव्ह, यावर आपण दोन दिवस भांडलो.
शेवटी स्टोव्ह आला.
उशीच्या खोळीत तुझं स्वेटर कोंबलं.
त्याला अजून फाउंड्रीचा वास येतो,
सहा वर्षं झाली निवृत्तीला, तरी.

"आणि झोप?" सुगंधानं फोनवर विचारलं,
"घरी गादीवर येत नाही तुम्हाला, रानात कुठून येणार?"
घरी येत नाही म्हणूनच की गं.
जागंच राहायचं तर
तेच छत, तोच पंखा कशाला बघत पडायचं?

पिरनवाडी मागं पडली, मग किणये.
रताळी काढायला बायका वाकल्या होत्या.
एक कमरेवर हात ठेवून सरळ झाली.
दोन सायकली, चार पिशव्या, माझं हेल्मेट सगळं बघून म्हणाली,
"मोटार बिघडली काय वो?"
"मोटारच नाही, बिघडतीय कुठली!"
तिनं दोन रताळी फेकली. एक तू झेललंस.
दुसरं गटारात गेलं. मी उतरून आणलं.

चढावर तू पुढं जातोस, वळणावर थांबतोस,
साखळी बिघडल्यासारखा वाकून बघत राहतोस.
साखळीला काही झालेलं नसतं.
हे मला ठाऊक आहे
आणि मला ठाऊक आहे हे तुलाही.

जांबोटीच्या अलीकडं एक मैलाचा दगड.
गावाचं नाव खरवडलेलं, वर दुसऱ्या लिपीत रंगवलेलं,
तेही खरवडलेलं.
किती किलोमीटर, तेवढं मात्र कुणीच पुसलं नव्हतं.

शाळेच्या पटांगणात तंबू.
साडेदहाला आडवे झालो.
अकराला माझा डावा गुडघा बोलायला लागला.
मग कुत्रं.
मग झेंड्याच्या खांबाची दोरी,
वारा आला की टण्, नाही आला की तिची वाट बघणं.
पाठीखाली वाटाण्याएवढा खडा.
मी सरकले, तोही सरकला.
कूस बदलायची तर दोघांनी एकदम,
तंबूच तेवढा.

तुझे डोळे मिटलेले.
पण अठ्ठावीस वर्षं मी रात्रपाळीची बायको होते.
फक्त रविवारी आपण एका वेळी आडवे व्हायचो,
आणि दोनला तू उठून बसायचास,
भट्टीची वेळ झाली म्हणून.
खोटी झोप मला श्वासावरून कळते.

"जागा आहेस?"
"नाही."

टॉर्चचा पिवळा गोळा कापडावर आला. "यारू?"
तू आतूनच सांगितलंस, कन्नडात,
नवरा-बायको, बेळगाव, सायकल.
बाहेर बराच वेळ काही नाही.
मग मराठीत, "मग निजा की!"
आपण तोंडावर हात दाबून हसलो,
एक खुंटी उपटून निघाली.

त्यानंतर तू मोजायला लागलास.
ओंदु, एरडु, मूरु.
शिव्या तू मराठीत देतोस, देवाशीही मराठीतच भांडतोस.
साचे मात्र कन्नडात,
शेडमधल्या मल्लेशप्पानं पहिल्या दिवशी शिकवले तसे.
हे मी कधी ऐकलंच नव्हतं.
तुझ्या रात्री अशा होत्या तर.
वाळूत रांगेनं एकेक साचा,
आणि मधून चालणारा तू, ओठ हलवत.
मी घरी लाईट बंद करून पडलेली असायची,
बारा मैलांवर असल्यासारखी.
काल तुझ्या मागून चालले,
जरा जपून, सगळं गरम होतं.

सहाला नळाला पाणी आलं.
रताळी उकडली, एक आतून किडकं निघालं, गटारातलं नव्हे.
तुझे डोळे लाल.
"झोपलीस?"
"सत्तेचाळीसपर्यंत."
"नलवत्तेळू," तू म्हणालास, "मी तीनशेला थांबलो."
"मग?"
"मग परत पहिल्यापासून. तू घोरत होतीस, चुकलो."

कणकुंबीचा चढ अजून सगळा बाकी.
लवकर आलेल्या एका पोरानं
माझ्या सायकलची घंटी वाजवून बघितली आणि पळाला.
तू हवा तपासतोस, आधी माझ्या चाकांची.
स्वेटर अंगात घालायला मागतोस, थंडी आहे म्हणून.
देत नाही मी.
उशी आहे ती.